पुराव्याची फजिती : 'शेरलॉक ज्युनिअर' (१९२४) आणि अमेरिकी मूकपटातील विनोदी गुप्तहेर

प्रस्तावना

इतिहासकार आणि गुप्तहेर यांच्या कार्यपद्धतीत साम्य असल्याचे अनेकदा सांगितले जाते. दोघेही घडून गेलेल्या घटनेच्या मागे राहिलेल्या खुणा गोळा करतात, त्यांची एकमेकींशी सांगड घालतात आणि त्यावरून निष्कर्ष काढतात. भालबा केळकर यांच्या अनुवादांतून शेरलॉक होम्स आणि बाबूराव अर्नाळकरांच्या कादंबऱ्यांतून झुंजार व काळापहाड मराठी वाचकाच्या परिचयाचे झाले. या सर्व वाङ्मयात गुप्तहेर हा बुद्धीच्या अथवा साहसाच्या बळावर सत्यापर्यंत पोहोचणारा नायक असतो. मात्र चित्रपटाच्या इतिहासात या नायकाबरोबरच, किंबहुना त्याच्याही आधी, दुसरी एक आकृती अवतरली. ही आकृती म्हणजे पुरावा समोर असूनही फसणारा, पाळत ठेवताना स्वतःच अडकणारा, धडपडणारा आणि प्रेक्षकांच्या हास्याचा विषय होणारा गुप्तहेर होय.

या आकृतीचे सर्वांत लक्षणीय रूप बस्टर कीटन यांच्या 'शेरलॉक ज्युनिअर' या एप्रिल १९२४ मध्ये प्रदर्शित झालेल्या अमेरिकी मूकपटात आढळते. पाच रिळांच्या, सुमारे पाऊण तासाच्या या चित्रपटाचा विचार आजवर प्रामुख्याने त्यातील तांत्रिक चमत्कृतीच्या अंगाने झाला आहे. ते योग्यही आहे. परंतु त्या कौतुकात चित्रपटाच्या पहिल्या तृतीयांशात मांडलेला एक साधा आणि गंभीर प्रसंग बहुधा दुर्लक्षित राहतो. एका निरपराध, गरीब माणसावर कागदोपत्री पुराव्याच्या आधारे चोरीचा आळ येतो आणि तो पुरावा निर्दोष दिसतो, हा तो प्रसंग होय. प्रस्तुत निबंधात या प्रसंगाला केंद्रस्थानी ठेवून पुढील तीन प्रश्नांचा विचार केला आहे. (१) विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत खासगी गुप्तहेर ही प्रत्यक्षात कोणती संस्था होती? (२) मूकपटाने तिला हास्यास्पद का व कसे केले? (३) 'शेरलॉक ज्युनिअर' हा चित्रपट पुरावा आणि आरोप यांच्या संबंधाविषयी काय सांगतो?

खासगी गुप्तहेर : व्यवसाय आणि प्रतिमा

अमेरिकेतील खासगी गुप्तहेर हा केवळ कादंबरीकारांच्या कल्पनेतून जन्मलेला नव्हता. ग्लासगो येथे जन्मलेल्या ॲलन पिंकर्टन यांनी १८५० च्या सुमारास शिकागो येथे आपली गुप्तहेर संस्था स्थापन केली. उघडा डोळा हे या संस्थेचे चिन्ह होते आणि आपण कधीही झोपत नाही अशा आशयाचे तिचे ब्रीदवाक्य होते. खासगी गुप्तहेराला इंग्रजीत 'प्रायव्हेट आय' म्हणण्याच्या प्रथेशी या डोळ्याचा संबंध अनेकदा जोडला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे कंपन्या, बँका आणि कारखानदार हे या संस्थेचे प्रमुख ग्राहक होते. साहजिकच गुप्तहेराचे काम दरोडेखोरांच्या शोधापुरते मर्यादित राहिले नाही. कामगार संघटनांमध्ये हेर पेरणे, संपकऱ्यांवर पाळत ठेवणे आणि संपाच्या काळात कारखान्यांना सशस्त्र पहारेकरी पुरवणे हाही या व्यवसायाचा मोठा भाग बनला.

या कामाचे भीषण स्वरूप ६ जुलै १८९२ रोजी पेनसिल्व्हेनियातील होमस्टेड येथे प्रकट झाले. कार्नेगी यांच्या पोलाद कारखान्यातील टाळेबंदीच्या वेळी सुमारे ३०० पिंकर्टन पहारेकरी नदीमार्गे पडावांतून आणले गेले. त्यांच्यात व कामगारांत झालेल्या चकमकीत दोन्ही बाजूंचे लोक मारले गेले. या घटनेच्या पार्श्वभूमीवर १८९३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने अशा संस्थांच्या नोकरांना संघ शासनाने कामावर घेण्यास मनाई करणारी तरतूद केली. म्हणजेच, वाचकांच्या मनात शेरलॉक होम्स रुजत होता त्याच दशकात अमेरिकी कामगाराच्या मनात खासगी गुप्तहेर हा मालकाचा माणूस म्हणून स्थिर झाला होता.

याच्या जोडीने गुप्तहेरगिरीचे एक तिसरे, काहीसे केविलवाणे रूपही समाजात वावरत होते. टपालाद्वारे शिक्षण देणाऱ्या संस्था आणि स्वस्त मार्गदर्शक पुस्तिका यांनी कोणालाही घरबसल्या गुप्तहेर होता येईल अशी आशा निर्माण केली होती. एलिस पार्कर बटलर या विनोदी लेखकाने अशाच पत्रद्वारा शिकलेल्या फायलो गब नावाच्या गुप्तहेराच्या कथा लिहिल्या आणि १९१८ मध्ये त्या पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. साध्या कारागिराने पुस्तकातील नियम पाठ करून 'शास्त्रीय' गुप्तहेर बनू पाहणे, हा विनोदाचा साचा कीटन यांच्या चित्रपटापूर्वीच लोकप्रिय झाला होता, हे यावरून लक्षात येते.

१९२० च्या दशकाच्या आरंभी खासगी गुप्तहेर आणि शासन यांच्यातील सीमारेषाही धूसर झाली होती. स्वतःची मोठी गुप्तहेर संस्था चालवणारे विल्यम बर्न्स यांची १९२१ मध्ये संघ शासनाच्या अन्वेषण विभागाच्या प्रमुखपदी नेमणूक झाली. ॲटर्नी जनरल डॉहर्टी यांच्या कारभाराची चौकशी करणाऱ्या सिनेटर व्हीलर यांच्याच मागे या विभागाची माणसे लावली गेल्याचे प्रकरण १९२४ च्या वसंतात गाजले. डॉहर्टी यांना मार्चअखेरीस पद सोडावे लागले, पाठोपाठ बर्न्सही गेले आणि १० मे १९२४ रोजी जे. एडगर हूव्हर यांच्याकडे विभागाची सूत्रे आली. 'शेरलॉक ज्युनिअर' नेमका याच आठवड्यांत चित्रपटगृहांत झळकत होता. चित्रपटाची निर्मिती त्याआधीच पूर्ण झालेली असल्याने या दोन घटनांत कार्यकारणसंबंध जोडता येणार नाही. मात्र पाळत ठेवणारा माणूस विश्वासार्ह असतो का, हा प्रश्न त्या वेळच्या प्रेक्षकाला अपरिचित नव्हता, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

पडद्यावरील फजितीची परंपरा

उपलब्ध चित्रपटांत शेरलॉक होम्सचे पडद्यावरील सर्वांत जुने दर्शन हे त्याच्या विजयाचे नसून पराभवाचे आहे, ही बाब चित्रपटेतिहासाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. 'शेरलॉक होम्स बॅफल्ड' हा अर्ध्या मिनिटाच्या आसपासचा लघुपट १९०० मध्ये चित्रित झाला व १९०३ मध्ये त्याची स्वामित्वहक्कासाठी नोंद झाली. एका वेळी एकाच प्रेक्षकाने खिडकीतून पाहावयाच्या म्युटोस्कोप यंत्रासाठी तो तयार केला होता. घरात शिरलेला चोर होम्ससमोर अदृश्य होतो, पुन्हा प्रकट होतो, पुन्हा नाहीसा होतो आणि अखेरीस मुद्देमालासह निसटतो. होम्सच्या हाती काहीच लागत नाही. कॅमेरा थांबवून पुन्हा सुरू करण्याची युक्ती त्यासाठी वापरली होती. येथे चोराच्या बाजूने साक्षात चित्रपटतंत्रच उभे आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा गुप्तहेर आणि डोळ्यांना फसवणारे माध्यम यांच्यातील हा संघर्ष चोवीस वर्षांनी कीटन यांनी पूर्णत्वास नेला.

दरम्यानच्या काळात विनोदी गुप्तहेराची परंपरा दृढ होत गेली. मॅक सेनेट आणि फ्रेड मेस या जोडीने प्रथम बायोग्राफ व नंतर कीस्टोन कंपनीसाठी दोन गोंधळ्या गुप्तहेरांचे लघुपट केले. १९१६ च्या 'द मिस्टरी ऑफ द लीपिंग फिश' या लघुपटात डग्लस फेअरबँक्स यांनी अमली पदार्थांच्या आहारी गेलेला 'शास्त्रीय' गुप्तहेर रंगवला. होम्सच्या कोकेनच्या सवयीचे ते उघड विडंबन होते. याच वर्षी रंगभूमीवरील विख्यात होम्स विल्यम जिलेट यांचा गंभीर 'शेरलॉक होम्स' चित्रपट आला आणि १९२२ मध्ये जॉन बॅरिमोर यांनी तीच भूमिका केली. म्हणजे गांभीर्य आणि विडंबन या दोन धारा समांतर वाहत होत्या. कीटन यांच्या चित्रपटातील स्वप्नदृश्यात गुप्तहेराच्या साहाय्यकाचे नाव 'जिलेट' ठेवले आहे, ते या पार्श्वभूमीवर सहज उलगडते.

या विनोदाला 'स्लॅपस्टिक' असे नाव आहे. इटलीच्या जुन्या मुखवटानाट्यांत नट एकमेकांना मारण्यासाठी दोन पट्ट्यांची लाकडी फळी वापरत. तिचा आवाज मोठा होई, पण इजा होत नसे. त्या फळीवरून हा शब्द आला. पडणे, आपटणे, पाठलाग, वस्तूंची गफलत ही या प्रकाराची सामग्री होय. त्याला केवळ धांगडधिंगा समजणे मात्र चुकीचे ठरेल. चांगल्या आंगिक विनोदात प्रत्येक पतनामागे काटेकोर कार्यकारणभाव असतो. १८९५ मध्ये जन्मलेले कीटन बालपणापासून आई-वडिलांबरोबर व्हॉडव्हिलच्या रंगमंचावर उचलले, फेकले व आपटले जात होते. शरीर, वेग व अंतर यांचे गणित त्यांच्या अंगी तेथेच मुरले. १९१७ मध्ये रॉस्को अर्बकल यांच्या लघुपटांतून ते चित्रपटसृष्टीत आले.

याच सुमारास कॅलिफोर्नियातच गुप्तहेरकथेला दुसरे वळण मिळत होते, याचीही नोंद घ्यावयास हवी. स्वतः पिंकर्टन संस्थेत नोकरी केलेले डॅशियल हॅमेट यांचा अनामिक, कठोर गुप्तहेर ऑक्टोबर १९२३ मध्ये 'ब्लॅक मास्क' मासिकात प्रथम अवतरला. हॅमेट यांनी गुप्तहेराला रस्त्यावरच्या वास्तवात आणून त्याचे देवत्व काढून घेतले, तर कीटन यांनी त्याला पायघसरणीवर आणून तेच केले. दोघांचे मार्ग भिन्न होते, परंतु सर्वज्ञ गुप्तहेरावरील अविश्वास हा दोघांचा समान आरंभबिंदू होता, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

गहाणाची पावती : खऱ्या कागदाने सांगितलेले असत्य

चित्रपटाचा नायक एका छोट्या गावातील चित्रपटगृहात प्रोजेक्टर चालवतो आणि तेथेच झाडलोटही करतो. त्याला नाव नाही. फावल्या वेळात तो गुप्तहेर कसे व्हावे हे शिकवणारे पुस्तक वाचतो. प्रेयसीसाठी मिठाईचा तीन डॉलरचा डबा घेण्याची त्याची इच्छा आहे, परंतु खिशात दोनच डॉलर आहेत. केर काढताना त्याला एक डॉलरची नोट सापडते. तेवढ्यात एक तरुणी आपली नोट हरवल्याचे सांगत येते. भावी गुप्तहेर तिला नोटेचे वर्णन करावयास सांगतो. ती वर्णन करते आणि ते अर्थातच जुळते, कारण ते कोणत्याही डॉलरला जुळले असते. पाठोपाठ एक रडवेली वृद्धा येते व तिलाही तो एक डॉलर देऊन टाकतो. शेवटी एक दांडगा माणूस येऊन केराच्या ढिगातून नोटांनी भरलेले पाकीट उचलून जातो. नायकाकडे एकच डॉलर उरतो. तो एक डॉलरचा डबा विकत घेतो आणि किमतीच्या आकड्यात फेरफार करून तो चार डॉलरचा भासवतो.

या प्रसंगातील विनोद पुराव्याच्या तर्कशास्त्रावर बेतलेला आहे. जे वर्णन सर्वांनाच लागू पडते ते कोणाचीच ओळख पटवत नाही, हे तत्त्व इतिहासाच्या अभ्यासकाला नवे नाही. पण येथे ते व्याख्येतून न येता एका नोटेच्या देवघेवीतून येते.

पुढील प्रसंग अधिक महत्त्वाचा आहे. नायकाचा प्रतिस्पर्धी प्रेयसीच्या वडिलांचे खिशातले घड्याळ चोरतो, ते चार डॉलरला गहाण ठेवतो आणि त्या पैशांतून तीन डॉलरचा डबा आणतो. चोरी उघडकीस येताच नायक पुस्तक उघडतो. सर्वांची झडती घ्यावी, हा त्यातला नियम तो उत्साहाने अमलात आणू लागतो. दरम्यान प्रतिस्पर्ध्याने गहाणाची पावती त्याच्याच खिशात सरकवलेली असते. झडतीत ती सापडते. पावतीवर घड्याळ आणि चार डॉलर अशी नोंद आहे. मिठाईच्या डब्यावरही चार हाच आकडा आहे. दोन स्वतंत्र पुरावे परस्परांना दुजोरा देतात. वडील त्याला घराबाहेर काढतात.

या रचनेचे बारकाईने विश्लेषण केले असता तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, पावती बनावट नाही. ती खऱ्या व्यवहाराची खरी नोंद आहे. खोटे आहे ते तिचे स्थान. दस्तऐवजाचा खरेपणा आणि त्यावरून काढलेल्या निष्कर्षाचा खरेपणा या दोन भिन्न बाबी आहेत, हे अंतर्गत व बाह्य टीकेचे मूलतत्त्व येथे हास्याच्या रूपाने मांडले गेले आहे. दुसरी, दुजोरा देणारा पुरावा नायकाने स्वतःच निर्माण केला आहे. चारचा आकडा हे त्याच्या गरिबीने त्याच्याकडून बोलवलेले छोटेसे असत्य होते. चोराने रचलेले मोठे असत्य त्या छोट्या असत्यावर टेकून उभे राहते. तिसरी, पद्धतीचा नियम ज्याने लागू केला त्याच्यावरच तो उलटला. झडती घेण्याचा आग्रह नायकाचाच होता. पद्धत चुकीची नव्हती, परंतु ज्याच्या हाती केवळ पुस्तकातील नियम आहेत आणि माणसांची पारख नाही, त्याला ती वाचवू शकत नाही.

येथे सामाजिक स्तराचाही विचार करावा लागतो. नीटनेटका पोशाख केलेल्या प्रतिस्पर्ध्याची झडती घेतली जाते, पण त्याच्यावर संशय रेंगाळत नाही. झाडलोट करणाऱ्या नोकराच्या खिशात मात्र एक कागद सापडणे पुरेसे ठरते. पिंकर्टनच्या काळापासून अमेरिकेतील खासगी गुप्तहेराची नजर बहुधा वरून खाली जात असे. कीटन यांनी त्या नजरेखाली असलेल्या माणसालाच गुप्तहेर होण्याचे स्वप्न दिले. त्या विसंगतीतून येणारे हसू म्हणूनच निव्वळ उपहासाचे राहत नाही.

बाहेर काढलेला नायक पुस्तकातील पुढच्या नियमाप्रमाणे संशयिताच्या अगदी निकट राहून पाळत ठेवतो. तो प्रतिस्पर्ध्याच्या पाठीमागे हातभर अंतरावरून, पावलाला पाऊल जुळवीत चालतो. तो थांबला की हा थांबतो, तो ठेचकाळला की हाही ठेचकाळतो. नियमाचे शब्दशः पालन केल्याने नियमाचा हेतू कसा नष्ट होतो, याचे यापेक्षा नेमके चित्र सापडणे कठीण आहे. या पाठलागाची अखेर रेल्वेच्या पाण्याच्या टाकीपाशी होते. पाण्याच्या जोरदार लोंढ्याने कीटन रुळांवर आपटले. त्या वेळी त्यांच्या मानेचे हाड मोडले होते, हे अनेक वर्षांनी क्ष-किरण तपासणीत उघड झाले. पडद्यावर आपण ज्याला हसतो ते पतन अक्षरशः खरे होते. त्याचा पुरावा मात्र शरीराच्या आत दडून राहिला होता.

स्वप्नातील गुप्तहेर

निराश नायक चित्रपटगृहात परततो, प्रोजेक्टर सुरू करतो आणि झोपी जातो. त्याच्या निद्रिस्त देहातून स्वप्नदेह उठतो, प्रेक्षागृहातून चालत जाऊन पडद्यात शिरतो. पडद्यावरील कथेतील पात्रे आता त्याची प्रेयसी, तिचे वडील आणि प्रतिस्पर्धी यांची रूपे घेतात. आरंभी चित्रपट त्याला स्वीकारत नाही. तो बाकावर बसू लागताच दृश्य बदलून रस्ता येतो, रस्त्यावर चालू लागताच कडा, मग सिंह, वाळवंट, समुद्रातील खडक, बर्फ अशी स्थळे पालटत राहतात. नायक मात्र तोच, त्याच जागी आणि त्याच हालचालीत असतो. छायालेखक एल्जिन लेसली यांनी भूमापनाच्या साधनांनी कॅमेरा व नट यांतील अंतर अचूक राखून हा परिणाम साधला. पडद्यासारखा दिसणारा भाग प्रत्यक्षात रंगमंचासारखा उभारून त्यावर विशिष्ट प्रकाशयोजना केलेली होती. १९२५ मध्ये फ्रेंच दिग्दर्शक रने क्लेअर यांनी या चित्रपटाची तुलना पिरांदेल्लो यांच्या 'लेखकाच्या शोधात सहा पात्रे' या नाटकाशी केली, ती याच कारणाने.

त्यानंतर स्वप्नातील कथा स्थिरावते. चोरीला गेलेल्या घड्याळाच्या जागी मोत्यांचा हार येतो आणि झाडूवाल्याच्या जागी उंच टोपी घातलेला जगद्विख्यात गुप्तहेर शेरलॉक ज्युनिअर येतो. त्याला विषारी पेय, स्फोटक भरलेला बिलियर्डचा तेरा क्रमांकाचा चेंडू असे सापळे लावले जातात आणि तो त्यांतून लीलया सुटतो. चालक केव्हाच पडून गेलेल्या मोटारसायकलच्या हँडलवर बसून तो निर्धास्तपणे धावतो. आपला वाहक मागे नाही हे त्याला ठाऊक नाही, आणि ते ठाऊक नसल्यामुळेच तो सुखरूप पोहोचतो. गुप्तहेराची सर्वज्ञता आणि अज्ञान यांतील फरक येथे पुसला जातो.

पिंकर्टन संस्थेच्या ब्रीदवाक्यात गुप्तहेर कधीही झोपत नसे. कीटन यांचा गुप्तहेर मात्र झोपेतच यशस्वी होतो. प्रत्यक्षातील गुन्ह्याचा उलगडा तो करीतच नाही. तो करते त्याची प्रेयसी. नायक झोपलेला असताना ती थेट गहाण घेणाऱ्या दुकानदाराकडे जाते आणि घड्याळ कोणी आणले त्याचे वर्णन करावयास सांगते. योगायोगाने प्रतिस्पर्धी दुकानावरून जात असतो. दुकानदार त्याच्याकडे बोट दाखवतो आणि प्रकरण संपते. डॉलरच्या नोटेच्या वेळी नायकाने विचारलेला 'वर्णन करा' हा प्रश्न ती पुन्हा विचारते. फरक इतकाच की, ती तो योग्य साक्षीदाराला विचारते. भिंग, पुस्तक, झडती आणि पाळत यांपैकी काहीही तिने वापरले नाही. पावतीवर जी नोंद आहे ती ज्याने केली त्याला विचारणे, म्हणजेच दस्तऐवजाच्या उगमाकडे जाणे, हे संशोधनाचे सर्वांत प्राथमिक पाऊल तिने उचलले. घरातील अन्य कोणालाही ते सुचले नव्हते.

चित्रपटाबाहेरील आरोप : अर्बकल प्रकरण

या चित्रपटाच्या निर्मितीशी निगडित असलेला एक वाद वरील विवेचनाला वेगळे परिमाण देतो. कीटन यांना चित्रपटसृष्टीत आणणारे अर्बकल यांना सप्टेंबर १९२१ मध्ये व्हर्जिनिया रॅप या अभिनेत्रीच्या मृत्यूप्रकरणी अटक झाली. तीन वेळा खटला चालला. तिसऱ्या खटल्यात, एप्रिल १९२२ मध्ये, ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरवले आणि त्यांच्यावर अन्याय झाल्याचे लेखी निवेदनही दिले. तथापि वृत्तपत्रांनी आधीच निकाल दिला होता. काही दिवसांतच त्यांच्या चित्रपटांवर चित्रपट उद्योगानेच बंदी घातली. ती औपचारिकपणे उठल्यावरही त्यांचे नाव पडद्यावर आणण्याचे धैर्य फारसे कोणी दाखवले नाही. पुढे त्यांनी विल्यम गुडरिच या नावाने दिग्दर्शन केले.

'शेरलॉक ज्युनिअर'च्या दिग्दर्शनासाठी कीटन यांनी आरंभी अर्बकल यांना बरोबर घेतले होते. त्यांचा वाटा किती होता, याविषयी मात्र परस्परविरोधी साक्षी आहेत. कीटन यांच्या म्हणण्यानुसार मानसिक आघातामुळे अर्बकल चिडचिडे झाले होते, काम जमेना, म्हणून त्यांना 'द रेड मिल' या दुसऱ्या चित्रपटाचे काम मिळवून देऊन बाजूला करण्यात आले. अर्बकल यांच्या पहिल्या पत्नी मिंटा डर्फी यांनी मात्र संपूर्ण चित्रपट अर्बकल यांनीच दिग्दर्शित केल्याचे सांगितले. या दोन्ही साक्षी जवळच्या व्यक्तींच्या आहेत आणि दोन्ही बऱ्याच काळानंतर नोंदवलेल्या आहेत. 'द रेड मिल' १९२७ मध्ये प्रदर्शित झाला. सबब कीटन यांच्या आठवणीतील कालक्रम जुळत नाही. पण कालक्रम चुकला म्हणून त्यांचे मूळ म्हणणे असत्य ठरत नाही, तसेच डर्फी यांचे म्हणणे त्यामुळे आपोआप सिद्धही होत नाही. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत कीटन यांचेच नाव आहे. मात्र त्या काळी अर्बकल यांचे नाव येणे शक्यच नव्हते, हे ध्यानात घेता श्रेयनामावलीही निर्णायक पुरावा ठरू शकत नाही.

खोट्या आळाने घराबाहेर काढलेल्या माणसाची ही कथा आळामुळे पडद्याबाहेर काढल्या गेलेल्या माणसाच्या सहवासात आकाराला आली, ही वस्तुस्थिती आहे. कीटन यांनी कथेतून मित्राची बाजू मांडली, असा दावा येथे करावयाचा नाही. तसा पुरावा नाही, आणि साम्यावरून हेतू सिद्ध करणे म्हणजे खिशातील पावतीवरून चोरी सिद्ध करणेच होय. पण निर्दोष ठरूनही माणूस मुक्त होत नाही, हे वास्तव त्या चमूला जवळून माहीत होते, एवढे म्हणणे पुराव्याला धरून आहे.

जतन आणि पुनर्शोध

पूर्वप्रदर्शनात प्रेक्षकांचे हसू अपेक्षेइतके न आल्याने कीटन यांनी चित्रपट कापून पाच रिळांवर आणला. १९२८ मध्ये ते मेट्रो-गोल्डविन-मायर कंपनीत गेले, स्वातंत्र्य गमावले आणि बोलपटांच्या काळात मागे पडले. सप्टेंबर १९४९ मध्ये 'लाइफ' नियतकालिकातील जेम्स एजी यांच्या लेखाने मूक विनोदपटांकडे पुन्हा लक्ष वेधले. १९५० च्या दशकात कीटन यांच्या पूर्वीच्या घरात अभिनेते जेम्स मेसन यांना चित्रपटांच्या प्रती सापडल्या आणि रेमंड रोहावर यांच्या प्रयत्नांनी त्यांचे पुन्हा प्रदर्शन होऊ लागले. १ फेब्रुवारी १९६६ रोजी कीटन यांचे निधन झाले. १९९१ मध्ये 'शेरलॉक ज्युनिअर' अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत समाविष्ट झाला आणि २०२० च्या आरंभी तो तेथे स्वामित्वहक्कातून मुक्त झाला.

हे भाग्य अपवादात्मक आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९१२ ते १९२९ या काळातील सुमारे ११ हजार अमेरिकी कथापटांपैकी केवळ १४ टक्के मूळ स्वरूपात पूर्ण उपलब्ध आहेत. 'शेरलॉक होम्स बॅफल्ड' केवळ स्वामित्वहक्कासाठी कागदावर मुद्रित प्रत जमा केलेली असल्यामुळे वाचला आणि १९६८ मध्ये त्याची ओळख पटली. जिलेट यांचा १९१६ चा चित्रपट २०१४ मध्ये फ्रान्समधील चित्रपट संग्रहालयात सापडला. म्हणून विनोदी गुप्तहेराच्या परंपरेविषयी आपण जे काही म्हणतो ते उरलेल्या अल्प सामग्रीवरून म्हणतो, याचे भान राखणे आवश्यक आहे.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पडद्यावरील विनोदी गुप्तहेर हा गंभीर गुप्तहेराचे उशिरा आलेले विडंबन नसून त्याचा समकालीन, काही अंशी पूर्वगामी आहे. या विनोदाला अमेरिकेतील खासगी गुप्तहेर व्यवसायाच्या वादग्रस्त इतिहासाची पार्श्वभूमी होती. 'शेरलॉक ज्युनिअर' हा चित्रपट पुराव्याची थट्टा करत नाही. पुराव्याचा उगम न तपासता त्यावर विसंबणाऱ्यांची थट्टा तो करतो.

पुढे १९६३ च्या 'द पिंक पँथर'मधील इन्स्पेक्टर क्लूझो किंवा १९९४ च्या 'एस व्हेंचुरा'मधील प्राण्यांचा शोध घेणारा गुप्तहेर यांच्या रूपाने ही परंपरा चालू राहिली. त्यांपैकी क्लूझो तर सरकारी नोकर होता. परंतु या नायकांना आपल्या फजितीचे भान क्वचितच असते. कीटन यांच्या नायकाला ते आहे. चित्रपटाच्या अखेरीस प्रेयसी त्याच्या खोलीत येऊन चूक झाल्याचे सांगते, तेव्हा पुढे काय करावे हे त्याला समजत नाही. तो पडद्यावरील नायकाकडे चोरून पाहत त्याचे अनुकरण करतो, हात हातात घेतो, अंगठी घालतो, चुंबन घेतो. मग पडद्यावर एकदम दृश्य बदलते आणि तेच जोडपे मुलाबाळांसह दिसते. मधले काय घडले ते चित्रपट सांगत नाही. नायक डोके खाजवत राहतो. दोन नोंदींच्या मधल्या रिकाम्या जागेसमोर असे थांबणे इतिहासाच्या अभ्यासकालाही चुकलेले नाही. ती जागा कल्पनेने भरून टाकण्यापेक्षा तेथे थांबणे अधिक प्रामाणिकपणाचे आहे, हे भान या चित्रपटाने हसत हसत दिले आहे.